डायलिसिसच्या रुग्णांच्या त्वचेवरील ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरातून, तसेच भंडारा, वर्धा, गोंदिया आणि चंद्रपूरकडून आठवड्यातून दोन-तीनदा आमच्या केंद्रात डायलिसिसला येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न खाटेशेजारी उभे राहून किंवा रात्री उशिरा फोन करून पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे माहितीसाठी आहेत. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या किडनीतज्ज्ञांना विचारणे आवश्यक आहे.

१. माझ्या अंगाला सारखी खाज सुटते. मला डायलिसिसची ॲलर्जी झाली आहे का?

बहुधा नाही. किडनी निकामी झालेल्या रुग्णांना सुटणारी खाज हा ॲलर्जीहून वेगळा आणि अतिशय नेहमीचा त्रास आहे. त्यात मूळचे पुरळ नसते. दिसतात ते नखांचे ओरखडे, त्यांवरच्या खपल्या आणि कोरडी पडलेली कातडी. ही खाज सहसा अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखी असते, पाठीवर जास्त असते आणि रात्री झोप मोडते. डायलिसिस अपुरे होणे, रक्तातील फॉस्फरस व पॅराथायरॉइड संप्रेरक वाढणे, त्वचा कोरडी पडणे आणि नसांची संवेदना बिघडणे अशी अनेक कारणे त्यामागे एकाच वेळी असू शकतात.

उपचारही त्या कारणांप्रमाणेच असतात. डायलिसिसचे तास पूर्ण करणे, फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणाबरोबरच घेणे आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावणे येथून सुरुवात होते. त्याने भागले नाही तर डॉक्टर गॅबापेंटिन अगदी कमी मात्रेत, डायलिसिस संपल्यावर देतात किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे अतिनील किरणांच्या उपचारासाठी पाठवतात. याच खाजेसाठी तयार झालेल्या डायफेलिकेफॅलिन या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. खाज सुटली की फाइलवर ‘ॲलर्जी’ लिहून मोकळे होण्याची पद्धत मला पटत नाही, कारण एकदा हा शिक्का बसला की फॉस्फरसचा रिपोर्ट उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

२. मग खरी ॲलर्जी ओळखायची कशी?

घड्याळावरून आणि जागेवरून. अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणे, शिंका, दम लागणे यांपैकी काही डायलिसिस सुरू झाल्यावर थोड्याच मिनिटांत घडले, तर ती तात्काळ प्रतिक्रिया असू शकते (प्रश्न ३ पहा). जेथे टेप, जंतुनाशक किंवा मलम लागले, नेमक्या त्याच जागी एक-दोन दिवसांनी लाल, खाजरा, बारीक पाणीदार फोडांचा चट्टा आला, तर ती संपर्काची ॲलर्जी असण्याची शक्यता असते (प्रश्न ६ पहा). डायलिसिसशी वेळेचा काहीच मेळ बसत नसेल आणि पुरळ सर्वांगावर असेल, तर संशय रोजच्या गोळ्यांवर घ्यावा लागतो (प्रश्न ११ पहा).

म्हणून ‘मला नेहमीच होते’ या वाक्याने डॉक्टरांना फारशी मदत होत नाही. किती वाजता मशीन सुरू झाले, किती वाजता गांधी उठल्या, त्या पहिल्यांदा कोठे दिसल्या आणि त्या दिवशी नवीन काय वापरले होते, या चार गोष्टी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिल्या तरी पुरे. गांधी तासाभरात मावळतात आणि ओपीडीत नंबर लागेपर्यंत दाखवायला काहीच उरत नाही, त्यामुळे मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

३. मशीन सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांतच अंग गरम होते, खाज सुटते, गुदमरल्यासारखे होते. हे कितपत धोक्याचे आहे?

हे धोक्याचे आहे आणि ते त्याच क्षणी सिस्टरांना किंवा टेक्निशियनला सांगितले पाहिजे. रक्ताचा डायलायझरशी (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याशी) आणि ब्लड लाइनशी (रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्यांशी) संपर्क आल्यावर होणारी तीव्र प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या ५ ते २० मिनिटांत दिसते. सुरुवात फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या) हातात जळजळ होण्याने, अंगभर ऊब पसरण्याने, गांधींनी, खोकल्याने किंवा पोटात मुरडा येण्याने होऊ शकते, आणि पुढे रक्तदाब कोसळून श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात.

अशा वेळी मशीन थांबवून लाइन क्लॅम्प करतात आणि लाइन व डायलायझरमधील रक्त शरीरात परत सोडत नाहीत. नातेवाइकांना हे रक्त ‘वाया घालवले’ असे वाटते आणि त्यावरून वादही होतात. पण ज्या वस्तूमुळे प्रतिक्रिया आली तिच्यातूनच आलेले रक्त परत देणे म्हणजे तो पदार्थ पुन्हा शरीरात सोडणे होय. प्रतिक्रिया तीव्र असेल तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देणे हा पहिला उपचार आहे. ॲलर्जीविरोधी आणि स्टेरॉइड इंजेक्शने त्यानंतर येतात आणि ती ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

याहून सौम्य असा दुसरा प्रकार सुरुवातीनंतर साधारण २० ते ४० मिनिटांनी छातीत किंवा पाठीत दुखण्याच्या रूपाने येतो. त्यात त्वचेवर सहसा काही दिसत नाही आणि डायलिसिस पुढे चालू ठेवता येते. मात्र छातीत दुखणे हृदयाचे नाही याची खात्री आधी केली जाते.

४. आम्ही आग्रहाने नवा डायलायझर घेतला आणि त्याच दिवशी त्रास झाला. धुतलेल्या डायलायझरवर कधी झाला नव्हता. असे कसे?

हा अनुभव खोटा नाही. काही डायलायझर कारखान्यात एथिलीन ऑक्साइड या वायूने निर्जंतुक केलेले असतात, आणि पोकळ धागे टोकांशी चिकटवणाऱ्या पॉलियुरेथेनमध्ये हा वायू थोडा मुरून राहतो. तो रक्तातील प्रथिनांना चिकटतो आणि काही रुग्णांचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. डायलायझर एकदा वापरून धुतला गेला की हा अंश बराच निघून जातो, म्हणून त्रास पहिल्या वापरालाच होतो. जोडण्यापूर्वी सलाइनने भरपूर खंगाळणे हा त्यावरचा उपाय आहे. पण खंगाळून तासभर तसाच ठेवलेला डायलायझर पुन्हा खंगाळावा लागतो, कारण आत मुरलेला वायू हळूहळू पाझरत राहतो. त्रास निश्चित झाला तर वाफेने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला डायलायझर मागवतात. असाच त्रास ब्लड लाइनमुळेही होऊ शकतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

धुतलेला डायलायझर यावरून निर्धोक ठरत नाही. पुनर्वापरासाठी पेरासिटिक ॲसिड किंवा फॉर्मेलिनसारखी रसायने वापरतात, आणि त्यांचा अंश राहिला तर सुरुवातीलाच हातात जळजळ व गांधी येऊ शकतात. त्यासाठी जोडण्यापूर्वी अंश तपासण्याची पट्टी असते. ‘तपासली का?’ असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या टेक्निशियनला त्याचा राग येत नाही.

५. डायलायझरचा प्रकार बदलला तरी त्रास होतोच. रक्तदाबाच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध असतो का?

काही वेळा असतो. डायलायझरच्या आत रक्त गाळणारा पडदा असतो. पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या, विशेषतः एएन ६९ नावाच्या पडद्यावर रक्तात ब्रॅडिकायनिन हा पदार्थ वाढतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल या गटातील गोळ्या त्याचा निचरा रोखतात, आणि दोन्ही एकत्र आले की सुरुवातीच्या मिनिटांतच चेहरा सुजणे व रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडतात. हा संबंध १९९० च्या सुमारास लक्षात आला. सध्या सर्वत्र दिसणाऱ्या पॉलिसल्फोन गटातील पडद्यांचीही ॲलर्जी मोजक्या रुग्णांना असते. त्यांना सेल्युलोज ट्रायॲसिटेटचा डायलायझर चालू शकतो. या गोळ्या ओठ किंवा जीभ सुजवण्याचे काम डायलिसिसच्या दिवसाव्यतिरिक्तही करू शकतात, म्हणून सूज आली तर गोळ्यांची पट्टी घेऊनच दवाखान्यात जावे.

६. सुई काढल्यावर जेथे टेप लावतात तेथेच लाल, खाजरा चट्टा येतो. काय करावे?

आमच्याकडे सर्वाधिक दिसणारी खरी त्वचेची तक्रार हीच आहे. फिस्टुलाच्या हातावर, दोन सुयांच्या जागांभोवती, पट्टीच्या मापाचे दोन लालसर चौकोन दिसतात. कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात. निसर्गतः येणारे पुरळ असे चौकोनी नसते. इतका सरळ आकार दिसला की बाहेरून लागलेल्या वस्तूवरच संशय घ्यावा.

यात दोन प्रकार असतात. टेप ओढून काढताना कातडी सोलवटणे किंवा ओल्या जंतुनाशकावर टेप बसून कातडी भाजणे ही जळजळ होय. ती टेपच्या कडेला संपते, आग होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. टेपच्या गोंदातील ॲक्रिलेटची, किंवा जुन्या पद्धतीच्या चिकटपट्टीतील राळेची, ॲलर्जी असेल तर खाज अधिक असते, बारीक फोड येतात आणि चट्टा टेपच्या सीमेबाहेर पसरतो. सोमवारचा चट्टा बुधवारी ऐन भरात असतानाच त्यावर पुन्हा टेप बसते, त्यामुळे तो बरा होण्याला सवडच मिळत नाही.

उपाय साधे आहेत. टेपचा प्रकार बदलावा, जंतुनाशक पूर्ण वाळू द्यावे, सुईचे टोच थोड्या अंतराने बदलावेत, रक्त थांबल्यावर टेप रात्रभर न ठेवता सांगितलेल्या वेळी पाण्याने ओली करून सोडवावी, आणि शक्य तेथे कापसाचा गोळा मऊ गॉजच्या पट्टीने सैलसर बांधावा. ती पट्टी आवळून बांधली तर फिस्टुला बंद पडू शकतो, म्हणून बांधल्यावर हाताला थरथर लागते का हे बोटांनी पाहावे. चट्ट्यावर सुई टोचू देऊ नये, कारण फुटलेल्या कातडीतून जंतू थेट रक्तात जातात. माझ्या मते टेपचा चट्टा ‘किरकोळ’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही, तो याच एका कारणासाठी.

७. दोन वर्षे तीच टेप आणि तेच औषध चालत होते. आताच ॲलर्जी कशी झाली?

संपर्काची ॲलर्जी जन्मतः नसते, ती घडत जाते. शरीराला एखादा पदार्थ वारंवार भेटतो, एके दिवशी ते त्याला शत्रू समजू लागते, आणि त्यानंतर तोच पदार्थ प्रत्येक वेळी त्रास देतो. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक वेळा एकाच जागी तोच गोंद लागत असेल, तर हे दोन वर्षांनी घडणे स्वाभाविकच आहे. शिवाय तुम्ही तीच समजत असलेली टेप तीच असेल असेही नाही. केंद्रात पुरवठादार बदलतो आणि पांढरी टेप पांढरीच दिसते.

८. मला मासे चालत नाहीत. मग आयोडिनचे औषध लावले तर चालेल का?

चालेल. माशांची किंवा झिंग्यांची ॲलर्जी त्यांच्यातील प्रथिनांची असते, आयोडिनशी तिचा संबंध नसतो. पोव्हिडोन आयोडिनने होणारा त्रास बहुतेक वेळा जळजळीचा असतो, विशेषतः औषध न वाळता टेपखाली कोंडले तर. मात्र लॅटेक्सच्या बाबतीत अन्नाशी खरोखर नाते आहे: ज्यांना रबरी हातमोजे किंवा हाताला बांधायच्या रबरी पट्ट्याने गांधी येतात, त्यांच्यापैकी काहींना केळी, पपई, किवी किंवा ॲव्होकाडो खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते. असे होत असेल तर नायट्राइलचे हातमोजे वापरण्यास सांगावे.

९. मानेतील कॅथेटरच्या (डायलिसिससाठी घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगखाली पुरळ आले आहे. हे इन्फेक्शन आहे की ॲलर्जी?

हे घरी ठरवू नये. खाज प्रमुख असेल आणि लाली ड्रेसिंगच्या आकाराची असेल तर टेपचा किंवा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा संशय येतो. दुखणे, पू, कॅथेटरच्या तोंडाशी सूज किंवा डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर इन्फेक्शन गृहीत धरूनच तपासणी होते. दोन्ही एकत्रही असू शकतात. क्लोरहेक्सिडिनबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. त्याने केवळ चट्टाच येतो असे नाही, तर क्वचित तीव्र, जिवावर बेतणारी प्रतिक्रियाही येते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता. हाच पदार्थ काही माउथवॉशमध्येही असतो, म्हणून गुळण्या केल्यावर ओठ सुजल्याचे आठवत असेल तर ते सांगावे.

१०. हेपारिनची (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाची) ॲलर्जी असते का? ते नसेल तर डायलिसिस होणारच नाही का?

असते, पण विरळा. पोटाच्या कातडीत हेपारिनचे इंजेक्शन घेतलेल्या जागी काही दिवसांनी खाजरे, घट्ट चट्टे येणे हा एक प्रकार आहे. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे: हेपारिन सुरू केल्यावर साधारण ५ ते १० दिवसांनी प्लेटलेट घटतात, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि कधी इंजेक्शनच्या जागची कातडी काळी पडते. अशा रुग्णाला लाइन धुण्यासाठीही हेपारिन वापरता येत नाही. डायलिसिस मात्र होते. सलाइनने वारंवार लाइन धुऊन किंवा दुसरे रक्त पातळ करणारे औषध वापरून ते करता येते.

दोष कधी औषधात नसून त्यातील भेसळीत असतो. २००७ च्या अखेरीस अमेरिकेतील मिझुरी राज्यात डायलिसिसवरच्या मुलांचे चेहरे सुजू लागले आणि रक्तदाब घसरू लागला. तपासाअंती हेपारिनमध्ये अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन सल्फेट सापडले. म्हणून एकाच दिवशी दोन-तीन खाटांवर सारखाच त्रास झाला, तर रुग्णांच्या ॲलर्जीचा विचार करण्याआधी औषधाचा बॅच नंबर पाहायला हवा.

११. डायलिसिसमध्ये देतात त्या इतर औषधांनी किंवा रोजच्या गोळ्यांनी पुरळ येते का?

येते. लोहाच्या इंजेक्शनाने चेहरा लाल होऊन छाती व पाठ आवळल्यासारखी वाटणे, पण रक्तदाब ठीक राहणे, ही पुष्कळदा खरी ॲलर्जी नसते आणि इंजेक्शन थांबवल्यावर आपोआप ओसरते. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घाईने सोडले की चेहरा, मान आणि छाती लालबुंद होऊन खाजते; एक ग्रॅमला किमान एक तास या गतीने दिले तर बहुतेकांना ते चालते. अशा रुग्णाच्या फाइलवर ‘व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी’ लिहिले, तर पुढे कॅथेटरच्या इन्फेक्शनाच्या वेळी एक उपयोगी औषध हातचे जाते.

रोजच्या गोळ्यांत युरिक ॲसिडसाठी दिलेले ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधे आणि फिटच्या काही गोळ्या यांच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. नवी गोळी सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत तापासह पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सुटणे किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, म्हणजे नागपुरातील मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या सुसज्ज दवाखान्यात जावे.

१२. खाज सुटली की घरात असलेली ॲलर्जीची गोळी घेऊ का?

विचारल्याशिवाय घेऊ नये. यातील अनेक औषधे किडनीवाटे बाहेर पडतात आणि ती वाट बंद असल्याने शरीरात साठतात. सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते, आणि लेव्होसेटिरिझिन डायलिसिसच्या रुग्णांना देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते. तरीही औषधाच्या दुकानातून सर्रास तीच मिळते. फेनिरामाइनचे इंजेक्शन घेतल्यावर खाज गेली असे वाटते, त्यामागे पुष्कळदा फक्त गुंगी असते. प्रश्न १ मधील खाजेवर या गटातील औषधांचा उपयोग तसाही थोडाच होतो.

१३. आमसुलाचे पाणी, हळद, संत्र्याच्या सालीचा लेप चालतो का?

पित्त उठल्यावर आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याची आपली जुनी रीत आहे. कातडी फुटलेली नसेल तर त्याने थंडावा मिळतो आणि नुकसान होत नाही. मात्र तेच सरबत म्हणून प्यायले तर ते पाण्याच्या आणि मिठाच्या हिशेबात धरावे लागते. श्वास अडकत असताना आमसूल शोधत बसू नये. संत्र्याच्या सालीच्या भुकटीचा लेप कोरड्या, ओरखडलेल्या त्वचेला झोंबतो आणि खाज वाढवतो, म्हणून तो टाळावा. संत्री खाऊ नका असे जे सांगतात ते ॲलर्जीसाठी नसून पोटॅशियमसाठी असते, हे नागपूरच्या रुग्णांना गळी उतरवणे बहाराच्या दिवसांत मोठे जिकिरीचे होते. हळद, बेसन किंवा कोणताही लेप फिस्टुलाच्या हातावर आणि कॅथेटरजवळ अजिबात लावू नये.

१४. उन्हाळ्यात हा त्रास का वाढतो?

मे महिन्यात, विशेषतः नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की टेपखाली घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि गोंदातील रसायने अधिक झिरपतात. घामोळ्या आणि ॲलर्जी यांची गल्लतही याच दिवसांत होते. घामोळ्या टेपच्या चौकोनात न राहता मान, पाठ, काखा अशा घामाच्या जागी येतात. सुती कपडे, कूलरची हवा आणि डायलिसिसला येण्यापूर्वी फिस्टुलाचा हात साबणाने धुऊन कोरडा करणे एवढ्याने बराच फरक पडतो. घामाच्या नावाखाली पाणी जास्त पिण्याची मुभा मात्र आपोआप मिळत नाही. ती डॉक्टर वजन पाहून ठरवतात.

१५. दुकानातून आणलेल्या मलमाने आधी बरे वाटले, मग पुरळ दुप्पट झाले. असे का?

तो बहुधा नायटा असावा. स्टेरॉइड मिसळलेली मलमे लाली आणि खाज काही दिवस दाबतात, पण बुरशी वाढतच राहते आणि गोल कडेचा ओळखीचा आकारही पुसला जातो. घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर खरुजेचा विचार करावा. पाय किंवा हातांवर मधोमध खळगा आणि त्यात घट्ट बूच असल्यासारख्या गाठी आल्या, तर तो किडनीच्या व मधुमेहाच्या रुग्णांना होणारा वेगळा त्वचारोग असू शकतो. त्या गाठी नखांनी काढल्या की ओरखड्याच्या रेषेवर नव्या उगवतात.

१६. पॅच टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली. म्हणजे ॲलर्जी नाही का?

तसे खात्रीने म्हणता येत नाही. या चाचणीत संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. किडनीच्या आजारात प्रतिकारशक्ती मंदावलेली असल्याने, तसेच स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास, खरी ॲलर्जीही कधी कधी उमटत नाही. त्यात चार तास खाटेवर पाठ टेकून पडल्यावर पट्ट्या सरकतात. म्हणून डायलिसिस संपल्याबरोबर, दोन वारांमधले मोठे अंतर साधून आणि शक्यतो हिवाळ्यात ही चाचणी करून घ्यावी, आणि केंद्रात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या टेपचा तुकडा सोबत न्यावा. पॅच टेस्टने तात्काळ प्रतिक्रियांचा उलगडा होत नाही. त्यांच्यासाठी चाचण्या वेगळ्या असतात.

१७. लग्नासाठी बाहेरगावी जायचे आहे, तेथे दुसऱ्या केंद्रात डायलिसिस होईल. काय सांगावे?

‘मला ॲलर्जी आहे’ एवढे सांगून भागत नाही. आमच्याकडे बाहेरून आलेल्या एका रुग्णाच्या फाइलवर लाल अक्षरांत फक्त ‘ॲलर्जी’ लिहिले होते. कशाची, ते रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि आधीच्या केंद्राचा फोन लागत नव्हता. तो सगळा दिवस अंदाजावर गेला. आपल्या केंद्राकडून एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या डायलायझरचे नाव, तो कशाने निर्जंतुक केलेला असावा, हेपारिनची मात्रा किंवा मनाई, चालणारी टेप व जंतुनाशक, आणि पूर्वीची प्रतिक्रिया किती मिनिटांनी, कोणत्या स्वरूपात आली होती. टेपची स्वतःची गुंडाळी पिशवीत ठेवावी. कागद सुई टोचण्यापूर्वी सिस्टरांच्या हातात द्यावा, आणि त्याचा एक फोटो सोबत आलेल्या नातेवाइकाच्या मोबाइलमध्येही असावा, कारण चार तास रुग्णाचा एक हात सुयांत अडकलेला असतो.